चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं

माझी आत्या पहिल्यांदा लेकीकडे न्यू जर्सीला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या जोडीला एक इलेक्ट्रिक केटल होती. तिथे पोचल्यावर आठवडाभर पहाटे तीनला जाग येणार, हे मैत्रिणींनी तिला सांगून ठेवलं होतं. त्या वेळी लेकीच्या स्वयंपाकघरात भांडी वाजवण्यापेक्षा खोलीतल्या खोलीत चहा करून घ्यावा, असा तिचा बेत. आपली पिन तिकडच्या भिंतीत बसत नाही हेही ठाऊक होतं, म्हणून लक्ष्मी रोडवरून दीडशे रुपयांचा अ‍ॅडॉप्टर घेतलेला. पिन बसली, केटलचा दिवा लागला, आणि लिटरभर पाण्याला उकळी फुटायला पंधरा मिनिटं लागली. पुण्यात चार लागायची. ‘इथलं पाणीच गारढोण आहे गं,’ असं निदान तिने माझ्या आईला फोनवर सांगितलं आणि आमच्याकडे ते बरेच दिवस खपूनही गेलं.

त्याच वर्षी दिवाळीला आतेबहीण पुण्यात आली. तिने तिकडचा हेअर ड्रायर तसल्याच अ‍ॅडॉप्टरवर लावला. दोन-तीन सेकंद विमान उडाल्यासारखा आवाज, मग जळका वास, मग खटकन एमसीबी पडला. ओल्या केसांनीच तिला फराळाला बसावं लागलं.

दोन्ही वेळा पिन अगदी घट्ट बसली होती. अ‍ॅडॉप्टरने आपलं काम चोख केलं होतं. फक्त त्याचं काम काय, याबद्दल आमच्या घरात गैरसमज होता.

भिंतीतल्या विजेच्या तीन गोष्टी देशोदेशी बदलतात आणि त्या एकमेकींना विचारून बदलत नाहीत. एक भोकांचा आकार. दुसरी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. तिसरी वारंवारिता, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा, हर्ट्झमध्ये. दुकानातला अ‍ॅडॉप्टर यातलं पहिलंच तेवढं सांभाळतो. प्लंबर दोन वेगळ्या मापांचे पाइप जोडायला कपलिंग लावतो ना, तसा तो. पाण्याचा जोर कमी-जास्त करणं कपलिंगच्या हातात नसतं.

भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, आखाती देश हे दाबाच्या बाबतीत आपलेच भाऊबंद, २२० ते २४० च्या घरात. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तैवानात ११०. जपानमध्ये अवघे १००.

केटल, इस्त्री, ड्रायर, टोस्टर ही एकाच कुळातली मंडळी. आत एक तार असते, तिच्यातून वीज गेली की ती तापते. दाब निम्मा झाला तर उष्णताही निम्मी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दाब निम्मा झाला की त्या तारेतून वाहणारी वीजही निम्मी होते. निम्मा दाब गुणिले निम्मा प्रवाह म्हणजे उष्णता पाव. आत्याची १५०० वॉटची केटल २३० व्होल्टसाठी बनलेली. १२० व्होल्टवर तिच्यातून जेमतेम ४०० वॉट निघत होते. टोकियोला नेली असती तर २८० च्या आसपास, म्हणजे चहा होईपर्यंत उजाडलंच असतं. ड्रायरचं उलट झालं. १२० व्होल्टसाठी बनवलेली तार २३० वर गेली की उष्णता साडेतीन पटींहून जास्त होते; १२०० वॉटचा ड्रायर एकदम ४४०० वॉट ओढायला बघतो. तार बिचारी किती तग धरणार?

कमी दाबावर वस्तू रुसते, जास्त दाबावर जळते. तापणाऱ्या वस्तूंपुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

नळ, लोटा आणि मोबाइलचा चार्जर

मग मोबाइलचा चार्जर न्यू जर्सीतही चालतो, टोकियोतही चालतो, साताऱ्यातही चालतो, तो कसा?

तुमचा चार्जर हातात घ्या आणि उलटा करा. पाठीवर किंवा पिनांच्या मधल्या जागेत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, बहुतेक वेळा करड्यावर करडं, काहीतरी छापलेलं असतं. चष्म्याने भागत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००-२४० व्ही आणि ५०/६० एचझेड असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ, १०० ते २४० मधला कुठलाही दाब द्या आणि ५० किंवा ६० कुठलेही हेलकावे द्या, मला चालतं. तुमच्या परदेशप्रवासाच्या विजेच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर या एका ओळीत आहे.

आत काय चालतं ते बघू. भिंतीतली वीज हेलकावे घेणारी, म्हणजे एसी. चार्जर आधी तिला एका दिशेची, म्हणजे डीसी करतो. हा दाब अजून भलताच असतो, आपल्याकडे सुमारे ३२५ व्होल्ट, अमेरिकेत १७०. कारण २३० किंवा १२० हा आकडा सरासरीसारखा आहे, लाटेचं टोक त्याहून उंच जातं. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद करतो आणि एका इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून घोटाघोटाने पलीकडे सोडतो. पलीकडे मोबाइलला हवे असतात पाच व्होल्ट, किंवा फास्ट चार्जिंगला नऊ-बारा. ते बरोबर मिळताहेत ना, यावर एक चिप सतत नजर ठेवून असते.

पाणी सुटायच्या वेळेला नळापाशी उभं राहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. तुम्हाला बादलीत एका ठरावीक वेगाने पाणी पडायला हवंय आणि हातात आहे लोटा. नळाला जोर असला तर तोटी क्षणभर उघडायची, लोटा भरतो. जोर कमी असला तर तोटी जरा जास्त वेळ उघडी ठेवायची, लोटा तेवढाच भरतो. बादलीला नळाच्या जोराचा पत्ताही लागत नाही. चार्जरमधला स्विच म्हणजे ही तोटी आणि मोबाइल म्हणजे बादली. दाब १०० असो की २४०, तोटी किती वेळ उघडी ठेवायची एवढंच बदलतं. आणि वीज आधीच डीसी करून घेतल्यामुळे ५० की ६० हा प्रश्न दारातच संपतो.

मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजचे चार्जर जवळजवळ सगळे या जातीचे असतात. रात्री श्वासाचं सीपॅप यंत्र लावून झोपणाऱ्या ज्येष्ठांसाठीही हीच गोष्ट: बहुतेक यंत्रांच्या पाठीवर १००-२४० असतं, पण निघण्याआधी ते डोळ्यांनी बघून घ्यावं, कारण तिथे जाऊन प्रयोग करण्याची ती वस्तू नाही.

फसवतात ती मधली पिल्लं. दाढीचा जुना ट्रिमर, इलेक्ट्रिक टूथब्रशचं बूड, जुन्या कॉर्डलेस फोनचा चार्जर. यांच्या पाठीवर पुष्कळदा नुसतं २२०-२४० असतं. यातला चार्जर हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला तर समजावं की आत तोटीबिटी काही नाही, लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार आहे, जी दाबाच्या ठरावीक प्रमाणातच वीज पुढे देते. युरोपात आणि दुबईत हे चालतील, अमेरिकेत नीट चार्ज होणार नाहीत.

भोकांचा इतिहास-भूगोल

सगळ्या जगाने एकच पिन का नाही ठरवली, असं विमानतळावर अ‍ॅडॉप्टरला हजार रुपये मोजताना प्रत्येकाला वाटतं. कारण वीज घराघरांत आली तेव्हा पिन नव्हतीच. वीज आली ती दिव्यापुरती. पंखा किंवा इस्त्री चालवायची तर बल्ब काढून त्याच होल्डरमधून वायर ओढायची. अमेरिकेत हार्वी हबेल याने काढता-घालता येणाऱ्या प्लगचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं. नंतर जो तो देश आपापली सोय बघत गेला. एकदा लाखो भिंतींत भोकं पाडून झाल्यावर ती बुजवायला कोण तयार होतो? आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९८६ मध्ये साऱ्या जगासाठी एक पिन सुचवून पाहिली. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेने तिची आपापली आवृत्ती घेतली, बाकीच्यांनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

आपल्या पिनेची गोष्ट तर मजेशीर आहे. आपली गोल तीन काड्यांची पिन, जिला जागतिक यादीत टाइप डी म्हणतात, ती मुळात ब्रिटिशांची, त्यांच्या १९३४ च्या मानकातली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी नवी घरं बांधताना तांबं वाचवायला वायरिंगची पद्धतच बदलली आणि १९४७ मध्ये नवी चौकोनी पिन आणली. त्याच वर्षी ते इथून गेले. जाताना जुनी पिन आपल्याकडे राहिली आणि नवी त्यांच्याकडे. म्हणून लंडनच्या हॉटेलात आपली इंग्रजांकडूनच आलेली पिन बसत नाही.

त्या चौकोनी पिनेवर, म्हणजे टाइप जीवर, जरा थांबू. कारण मराठी माणूस परदेशी जातो त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तीच भेटते: दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, जेद्दा, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, लंडन. या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांना आतून झडपा असतात. वरची अर्थिंगची काडी इतर दोघींहून लांब असते. ती आधी आत शिरते आणि झडपा उघडते. लहान मुलाने खालच्या भोकात खिळा घालायचा म्हटलं तरी जात नाही. आणि इथेच आपलं डोकं चालतं. वरच्या भोकात पेनाचं टोपण किंवा आइस्क्रीमची काडी खुपसायची, झडपा उघडल्या की आपली टू-पिन खाली दाबून बसवायची. आखातात राहिलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे, बहुतेकांनी केलेलंही आहे.

करू नये, आणि त्याचं कारण शॉकच्या भीतीपेक्षा खोल आहे. ब्रिटिश घरात सॉकेटांची वायर एका वर्तुळात फिरवलेली असते आणि त्या अख्ख्या वर्तुळाला मिळून एकच ३२ अँपिअरचा ब्रेकर, म्हणजे आपला एमसीबी, असतो. एखाद्या बारीक वायरीत बिघाड झाला तर एवढा मोठा ब्रेकर पडेपर्यंत ती वायर पेटू शकते. म्हणून त्यांनी प्रत्येक पिनेच्या पोटातच फ्यूज घातला, ३ किंवा १३ अँपिअरचा. पेनाच्या टोपणाने घुसवलेल्या आपल्या पिनेत फ्यूज नसतो. शिवाय तिच्या काड्या बारीक आणि गोल, भोकं चौकोनी आणि जास्त अंतरावर, म्हणजे पकड ढिली. ढिल्या पकडीत ठिणग्या उडतात, प्लास्टिक तापतं. फ्यूजवाला टाइप जी अ‍ॅडॉप्टर आपल्याकडे शंभर-दोनशेत मिळतो. आठवडाभराच्या दुबई सहलीच्या खर्चात तेवढं बसतं.

युरोपात आपलं नशीब चांगलं असतं. मोबाइलबरोबर येणारी आपल्याकडची बारीक टू-पिन बहुतेक वेळा युरोपचीच असते, चार मिलिमीटर जाडीच्या काड्यांची. ती फ्रान्स, जर्मनी, स्पेन, तुर्कस्तान, बाली कुठेही तशीच जाते. अडतं ते स्वित्झर्लंडला. तिथलं सॉकेट भिंतीत खोल आणि लांबट षट्कोनी. मोबाइलची बारीक टू-पिन त्यात बसते, पण पॅरिससाठी घेतलेला गोल बुंध्याचा जाडजूड ‘युरोप अ‍ॅडॉप्टर’ कडेलाच अडकतो. पॅरिस-लुझर्न-रोम अशा सहलीत दर दोन दिवसांनी भोकं बदलतात; रोमला ती एका रांगेत तीन असतात. या सगळ्या ठिकाणी चालते ती साधी बारीक टू-पिन. म्हणून युरोपला जाड काहीही नेऊ नये, असं माझं मत झालंय.

आता चपट्या दोन पिना, म्हणजे टाइप ए. या दिसल्या की लोक म्हणतात ‘अमेरिकन पिन’ आणि मनात आपोआप ११० व्होल्ट गृहीत धरतात. हा सगळ्यात घातक गैरसमज. थायलंड, व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स या सगळीकडे भिंतीत चपट्या पिनांची भोकं दिसतात आणि त्यामागे २२० ते २३० व्होल्ट असतात. अमेरिकेत घेतलेला १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर बँकॉकमध्ये अ‍ॅडॉप्टरशिवाय, अगदी माहेरी आल्यासारखा बसतो आणि जळतो. ब्राझीलने तर कडी केली आहे. सॉकेट देशभर सारखं, पण रिओत १२७ व्होल्ट आणि राजधानी ब्राझिलियात २२०. आकारावरून दाब कधीच ओळखू नये.

जपानची गंमत वेगळीच. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जनित्रं जर्मनीच्या एईजीकडून घेतली, ५० हर्ट्झची. ओसाकाने घेतली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, ६० ची. तेव्हापासून देशाच्या मधोमध एक अदृश्य रेघ आहे, पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११ च्या सुनामीनंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला तेव्हा पश्चिमेची वीज पूर्वेला पाठवायला हेलकावे बदलणारी केंद्रं लागली, आणि त्यांची क्षमता हजार मेगावॅटच्या आसपासच होती. प्रवाशाला यातलं काही जाणवत नाही. टोकियोहून बुलेट ट्रेनने ओसाकाला जाताना तुम्ही ती रेघ ओलांडता आणि मोबाइलच्या चार्जरला त्याचं सोयरसुतक नसतं. जपानच्या सॉकेटला बहुतेक ठिकाणी दोनच भोकं, तिसरं अर्थिंगचं नाही, एवढं लक्षात ठेवून टू-पिन अ‍ॅडॉप्टर न्यावा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पिना तिरक्या, रागावलेल्या भुवयांसारख्या. नेपाळात आपलं बरंचसं चालतं. श्रीलंकेत जुन्या इमारतींत आपली गोल पिन, नव्यांत ब्रिटिश चौकोनी. आणि दक्षिण आफ्रिकेत? तिथे भिंतीत असतं आपल्या गिझर-एसीचं जाड पंधरा-सोळा अँपिअरचं सॉकेट, तेच ते, टाइप एम. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सहाची पिन सोळाच्या पॉइंटला लावायचा जो ठोकळा मिळतो, तो घेऊन केपटाउनला जावं. विमानतळावरचा अ‍ॅडॉप्टरवाला हे सांगणार नाही.

‘बटण कुठाय?’

आत्याचा अमेरिकेतला दुसरा प्रश्न हा होता. सॉकेट दिसतं, शेजारी बटण नाही. आपल्याकडे पिन घालायची आणि मग बटण दाबायचं, ही हाताची सवय. ब्रिटिश वळणाच्या देशांत ती सांभाळली जाते. अमेरिका, युरोप, जपानमध्ये सॉकेट कायम जिवंत असतं. त्यामुळे लॅपटॉपची पिन घालताना कधी बारीकशी ठिणगी दिसते आणि माणूस दचकतो. ती आपल्याकडेही पडते, फक्त बटणाच्या आत पडते म्हणून दिसत नाही. ओल्या हाताने पिन घालू नये, हे मात्र तिथे दुप्पट पाळावं.

अमेरिकेतल्या काही बेडरूममध्ये याचा उलटा घोटाळा असतो. एखादं सॉकेट दारापाशी असलेल्या दिव्याच्या बटणावर चालतं, टेबललॅम्पसाठी. रात्री दिवा समजून ते बटण बंद केलंत की उशाशी लावलेला मोबाइल सकाळी होता तेवढाच. बाथरूममधल्या सॉकेटवर ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणं असतात. सॉकेट मेलेलं वाटलं तर आधी रीसेट दाबून बघा, मग रिसेप्शनला फोन करा. ब्रिटिश हॉटेलच्या बाथरूममधलं टू-पिन सॉकेट फक्त दाढीच्या यंत्रासाठी असतं. त्यातून फार थोडी वीज मिळते, टूथब्रश चालेल, ड्रायर अजिबात नाही. आणि खोलीचं कार्ड खाचेत ठेवल्यावर लाइट येणारी हॉटेलं तर सगळीकडे आहेत: जेवायला बाहेर पडताना कार्ड काढलं की चार्जिंगही बंद. फ्रिजमागचं सॉकेट मात्र अशा खोलीत पुष्कळदा चालू राहतं. तिथे वाकून बघायला लाजू नये.

वायर बदला

लॅपटॉपवाल्यांना मी वेगळाच सल्ला देतो, अ‍ॅडॉप्टर घेऊच नका. लॅपटॉपच्या चार्जरचा मधला ठोकळा नीट बघा. भिंतीकडून येणारी वायर त्यात खोचलेली असते आणि ती निघते. त्या भोकाचा आकार, तीन पाकळ्यांचा असो की कॅमेऱ्याच्या चार्जरला असतो तसा इंग्रजी आठाचा, जगभर एकच असतो. ज्या देशात महिनाभर राहायचंय तिथली ती वायर घ्यायची, चार-पाच डॉलरला मिळते. ठोकळा तोच, पिन तिथली, अर्थिंगही नीट. भिंतीत लोंबकळणारा अ‍ॅडॉप्टर सुटला. अमेरिकन सॉकेट सैल पडलेलं असलं की हे लोंबकळणं फार जाणवतं.

अर्थिंगवरून आठवलं. धातूच्या अंगाचा लॅपटॉप परदेशात टू-पिन अ‍ॅडॉप्टरवर लावला की हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं, झिणझिणतं. चार्जरमधल्या एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी किंचित वीज लॅपटॉपच्या अंगावर येत असते. तीन पिनांच्या जोडणीत ती अर्थिंगमधून निघून जाते, दोन पिनांत तिला वाट मिळत नाही. चांगल्या चार्जरमध्ये हे धोक्याचं नसतं, पण नकोसं वाटतं. बरेचसे ‘युनिव्हर्सल’ म्हणवणारे सरकत्या पिनांचे अ‍ॅडॉप्टर तिसरी पिन नावापुरतीच घेतात, अर्थिंग पुढे पोचवत नाहीत.

चौघांचं कुटुंब असेल तर चार अ‍ॅडॉप्टर नेऊ नयेत. एक चांगला अ‍ॅडॉप्टर आणि घरचा एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड. चार मोबाइल प्रत्येकी ३० वॉटने चार्ज झाले तरी १२० वॉट, म्हणजे जपानच्या १०० व्होल्टवरही सव्वा अँपिअरहून कमी. बोर्डावर चार्जर सोडून काहीही लावायचं नाही, या अटीवर.

यूएसबी-सीमुळे बराच पसारा कमी झालाय. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नवे मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे यांना हेच तोंड सक्तीचं केलं. आता एकाच ६५ वॉटच्या चार्जरवर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही चालतात. चार्जर आणि उपकरण आधी आपसात बोलून किती व्होल्ट हवेत ते ठरवतात, त्यामुळे लॅपटॉपच्या चार्जरला मोबाइल लावला म्हणून तो जळत नाही. विमानतळावरच्या आणि हॉटेलांतल्या तयार यूएसबी भोकांतून डेटा चोरला जातो अशी भीती घातली जाते. माझी तक्रार साधी आहे: ती भोकं फार हळू चार्ज करतात. आपला चार्जर भिंतीत लावावा, दोन्ही प्रश्न मिटतात.

पॉवर बँकेचं गणित

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये तो दिसतो आणि विझवता येतो, खाली सामानात दिसत नाही. मर्यादा असते १०० वॉट-तासांची, म्हणजे आत साठलेल्या ऊर्जेची, आणि पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत असतात मिलिअँपिअर-तास. गणित सोपं आहे: हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा, कारण आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, खुशाल न्या. २७,००० ची ९९.९, म्हणजे जेमतेम शंभराच्या आत. ३०,००० ची १११, म्हणजे विमान कंपनीची परवानगी हवी. १६० च्या वर तर नाहीच.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि तपासात बोट पॉवर बँकेकडे गेलं. तेव्हापासून नियम कडक होत चाललेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. जवळ ठेवता येते, एकच. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हा त्यांचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही. आपल्याकडून नेलेल्या पॉवर बँकेवर तो असेलच असं नाही. आकडे पुसट झालेली जुनी पॉवर बँक घरीच बरी, सुरक्षा तपासणीत न वाचता येणारी वस्तू काढून घेतात. आणि सीटखालच्या सॉकेटचा भरवसा धरून मोबाइल रिकामा घेऊन चढू नये. तिथे साधारण ११० व्होल्ट असतात, लॅपटॉप-मोबाइलला चालतात, पण निम्म्या वेळा त्यात अ‍ॅडॉप्टर टिकतच नाही.

मिक्सरचं काय?

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचा शेवटचा प्रश्न हाच असतो. तिथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण मनासारखं होत नाही, हे खरं आहे. पण आपला ७५० वॉटचा मिक्सर १२० व्होल्टवर कण्हतो, पाती फिरतात आणि खोबरं तसंच राहतं. त्याला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तोही दुप्पट क्षमतेचा, कारण मिक्सर सुरू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढतो. म्हणजे १५०० वॉटचा, सात-आठ किलोचा लोखंडी ठोकळा. ‘१६०० वॉटचा ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ म्हणून जी हलकी डबी मिळते ती फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असते. ती विजेची लाट कापून दाब उतरवते, वाढवत नाही. त्यामुळे मिक्सरला तिचा उपयोग शून्य, आणि तिच्यावर लॅपटॉप लावाल तर चार्जर गमावून बसाल. त्यापेक्षा ११० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत मिळतात, ते घ्यावेत. फक्त परतताना तो मिक्सर हौसेने पुण्याला आणायचा नाही. हेअर ड्रायरचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आत्याने अर्थातच आधी ट्रान्सफॉर्मर घेतला. दोन उन्हाळे त्यावर चटण्या झाल्या, मग लेकीने तिथलाच मिक्सर आणला. ट्रान्सफॉर्मर आता न्यू जर्सीच्या गराजमध्ये दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवलेला असतो. केटल मात्र आत्या अजून नेते. पंधरा मिनिटं लागतात हे तिला माहीत आहे. तेवढ्यात स्तोत्र म्हणून होतं, म्हणते.